मोरगावचे मूळपीठ आणि चिंचवडची गादी : सुपे परगण्यातील एका देवस्थानाचा इतिहास

सुपे परगण्याचे नाव मराठ्यांच्या राजकीय इतिहासात वारंवार येते. पुणे आणि सुपे हे भोसले घराण्याच्या जहागिरीतील दोन प्रमुख परगणे होत, आणि शहाजीराजांच्या कारभाराच्या संदर्भात त्यांचा उल्लेख बहुधा जोडीनेच होतो. आपल्या सत्तेच्या आरंभीच्या वर्षांत शिवाजीमहाराजांनी सापत्न मातुल संभाजी मोहिते यांच्याकडून सुपे काढून घेतले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. पुढे १२ मे १८७५ रोजी याच सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे जाळले, आणि 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उठावास तोंड लागले. परंतु राजकीय आणि आर्थिक इतिहासात ज्याची अशी नोंद झाली, त्या परगण्याच्या धर्मसंस्थात्मक इतिहासाकडे तितक्या बारकाईने पाहिले गेले नाही. सुप्यापासून थोड्याच अंतरावर, कऱ्हा नदीच्या काठी मोरगाव आहे. तेथील मयूरेश्वर हे अष्टविनायकांपैकी आद्य स्थान आणि गाणपत्य संप्रदायाचे मूळपीठ मानले जाते. त्या पीठाभोवती एक देवस्थान-मंडल कसे निर्माण झाले, त्याने राजसत्तांशी कोणते नाते जोडले आणि त्या सत्ता नष्ट झाल्यावर ते कशाच्या आधारे टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचारास युरोपच्या धर्मेतिहासातील एका संज्ञेचे साहाय्य होते. ख्रिस्ती धर्मव्यवस्थेत 'कॅथीड्रल' म्हणजे केवळ मोठे देऊळ नव्हे. 'कॅथेड्रा' म्हणजे आसन. ज्या देवळात बिशपची गादी असते ते कॅथीड्रल, आणि त्या गादीचा अधिकार जेथवर चालतो तो तिचा धर्मप्रांत. गादी आणि देऊळ तेथे एकाच छपराखाली नांदतात. मोरगावच्या बाबतीत मात्र देवळ एका ठिकाणी आणि गादी दुसऱ्या ठिकाणी, असा प्रकार घडला. मूळपीठ सुपे परगण्यात राहिले. गादी पवनेच्या काठी चिंचवडास स्थिरावली. या दोन स्थानांमधील अंतर हेच या देवस्थानाच्या इतिहासाचे मर्म आहे, असे त्याच्या साधनांवरून दिसते.

भूमी आणि नद्या

मोरगाव पुण्याहून सासवड-जेजुरीमार्गे सुमारे ६५ किलोमीटरवर, आजच्या बारामती तालुक्यात आहे. एकोणिसाव्या शतकात हा मुलूख भीमथडी तालुक्यात मोडत असे व सुपे हे त्याच्या एका पोटविभागाचे ठाणे होते. हा सारा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला तेव्हा तालुक्याच्या दक्षिणेकडील जमिनीस पाणी मिळाले आणि पुढे तेथे ऊस उभा राहिला. सुपे-मोरगावकडचा भाग मात्र जिरायतच राहिला. बाजरी-ज्वारीच्या या कोरडवाहू पट्ट्यात स्थानिक उत्पन्नाच्या बळावर मोठे देवस्थान पोसणे कठीण होते. त्यास बाहेरून येणाऱ्या यात्रेची आणि बाहेरच्या गावांच्या इनामाची जोड लागणे क्रमप्राप्तच होते.

नकाशावर पाहिले असता या मंडलाची एकता नद्यांच्या द्वारे स्पष्ट होते. मोरगाव कऱ्हेवर, चिंचवड पवनेवर, थेऊर मुळा-मुठेवर आणि सिद्धटेक भीमेवर आहे. कऱ्हा नीरेस मिळते, आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाशी नरसिंगपूर येथे भीमेत विलीन होते. पवना मुळेस मिळते आणि मुळा-मुठेचे पाणीही अखेरीस भीमेतच जाते. चिंचवड संस्थानाशी संबद्ध असलेली ही चारही क्षेत्रे अशा प्रकारे भीमेच्या एकाच खोऱ्यात आहेत. प्रशासकीय दृष्ट्या पाहता ती वेगवेगळ्या परगण्यांत व नंतर वेगवेगळ्या तालुक्यांत विभागली गेली. सिद्धटेक तर आज अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात आहे. राजकीय सीमांशी न जुळणारे हे क्षेत्रमंडल यात्रेच्या वाटांनी बांधले गेले होते.

क्षेत्राची प्राचीनता

मयूरेश्वराची कथा गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात येते. त्रेतायुगात गणेशाने षड्भुज रूप धारण करून, मयूरावर आरूढ होऊन सिंधू दैत्याचा संहार केला, असा तिचा आशय आहे. गणेशपुराण आणि मुद्गलपुराण हे गाणपत्यांचे दोन मुख्य पुराणग्रंथ होत. त्यांच्या रचनाकाळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी ते पुराणवाङ्मयाच्या उत्तरकालीन थरातील आहेत याविषयी सामान्यतः एकमत आहे. तेव्हा पुराणातील युगगणना ही क्षेत्राच्या वयाचा पुरावा होऊ शकत नाही. तिच्यावरून एवढेच सिद्ध होते की, गाणपत्य संप्रदायाने आपले धर्मशास्त्र रचताना या स्थानास अग्रमान दिला.

वास्तूची साक्ष याहून अधिक बोलकी आहे. मोरगावचे देऊळ उत्तराभिमुख असून काळ्या दगडाच्या उंच तटाने वेढलेले आहे. तटाच्या चार कोपऱ्यांवर चार मनोरे आहेत, त्यामुळे दुरून पाहणारास ही वास्तू मशिदीसारखी भासते. परकी आक्रमणापासून देवळाचा बचाव व्हावा म्हणून अशी रचना केली, असे लोक सांगतात. बहमनी आणि तदुत्तर सुलतानी काळात या प्रदेशातील कारागिरांच्या अंगवळणी जी बांधणी पडली होती तीच येथे वापरली गेली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मंदिरासमोर नंदी आहे, ही गोष्टही गणेशमंदिरात अपवादात्मक होय. जवळच्या एका शिवालयासाठी तो नंदी नेला जात असता गाडी येथे मोडली आणि नंदी हलेना, अशी त्याची कथा आहे. कथेची सत्यता कशीही असो, शैव आणि गाणपत्य उपासना या परिसरात परस्परांशेजारी नांदत होत्या, हे तीवरून सूचित होते. जेजुरीचा खंडोबा येथून जवळच आहे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

भाद्रपदात मोरगावी 'द्वारयात्रा' होते. क्षेत्राच्या चार दिशांस चार द्वारे कल्पिलेली असून धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चार पुरुषार्थांशी त्यांचे नाते जोडलेले आहे. ही कल्पना महत्त्वाची आहे. देवळाच्या चार भिंतींत क्षेत्र संपत नाही. भक्त पायी चालून त्याची सीमा दरवर्षी नव्याने आखतो. चिंचवडासही अशी द्वारयात्रा होते. गादीच्या गावी मूळपीठाची प्रतिकृती उभी करण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हणता येईल.

मोरया गोसावी आणि कालनिर्णयाचा प्रश्न

मोरगाव आणि चिंचवड यांना जोडणारी व्यक्ती म्हणजे मोरया गोसावी. परंपरेनुसार त्यांनी थेऊर येथे तपश्चर्या केली, पुढे ते चिंचवडजवळ राहिले आणि तेथून मोरगावची वारी करीत. वार्धक्यामुळे वारी कठीण झाली तेव्हा कऱ्हेच्या पात्रात स्नान करीत असता त्यांच्या ओंजळीत गणेशमूर्ती आली. देवच आता चिंचवडास येऊन राहिला, असा त्याचा अर्थ लावला गेला. ही मूर्ती 'मंगलमूर्ती' या नावाने चिंचवडच्या वाड्यात पूजिली जाते. अखेरीस मोरया गोसावींनी संजीवन समाधी घेतली. मार्गशीर्ष वद्य षष्ठीस चिंचवडात त्यांचा समाधिउत्सव होतो.

त्यांच्या काळाविषयी मात्र मोठा घोळ आहे. काही अभ्यासक त्यांचा जन्म चौदाव्या शतकात नेतात. समाधीचे वर्ष म्हणून १५६१ हे परंपरेत प्रचलित आहे, तर काहींनी ते १६५१ असे दिले आहे. चिंचवडच्या समाधिमंदिरावरील शिलालेखात शके १५८०, म्हणजे इ. स. १६५८-५९ मध्ये बांधकामास आरंभ झाल्याचे नमूद आहे. येथे दोन प्रवृत्ती परस्परविरुद्ध दिशांनी ओढताना दिसतात. एक प्रवृत्ती सत्पुरुषास जितके मागे नेता येईल तितके नेते, कारण प्राचीनतेने प्रतिष्ठा वाढते. दुसरी प्रवृत्ती त्यास तुकारामादी संतांच्या आणि भोसल्यांच्या काळाशी भिडविते, कारण थोरांच्या सहवासाने प्रतिष्ठा वाढते. दोन्ही ओढींचा मेळ घालावयाचा तर दीर्घायुष्य कल्पावे लागते, आणि चरित्रकथांनी नेमके तेच केले.

अशी प्रक्रिया केवळ महाराष्ट्रातच घडली असे नाही. वेल्स देशातील लँडाफच्या कॅथीड्रलचा इतिहास या दृष्टीने तुलनेस घेण्याजोगा आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील बिशप अर्बन (कार्यकाल ११०७–११३४) याचा सेंट डेव्हिड्स आणि हेरेफर्ड या शेजारच्या धर्मप्रांतांशी सीमेचा तंटा चालला होता. त्याच काळात लँडाफ येथे एक मोठा ग्रंथ सिद्ध झाला. सहाव्या शतकातील डिफ्रिग, टाइलो इत्यादी संतांची चरित्रे, त्यांना मिळालेल्या म्हणून सांगितलेल्या भूदानांचे लेख आणि पोपची आज्ञापत्रे यांचा त्यात संग्रह आहे. ११२० मध्ये डिफ्रिगच्या अस्थीही बार्डसी बेटावरून लँडाफला आणण्यात आल्या. संतचरित्र, दानपत्र आणि अवशेष या तिहींच्या साहाय्याने एका नव्या दाव्यास जुन्या काळाचा आधार देण्यात आला. त्या ग्रंथातील दानलेखांत अस्सल जुना भाग किती आणि बाराव्या शतकाची भर किती, यावर विद्वानांचा वाद अद्याप चालू आहे. तो ग्रंथ सर्वस्वी बनावट ठरवून फेकून देणे जसे चूक, तसेच त्यास शब्दशः प्रमाण मानणेही चूक, हाच त्या वादाचा आजवरचा निष्कर्ष होय. चिंचवडच्या परंपरेकडे पाहतानाही हाच विवेक इष्ट आहे. कऱ्हेत मूर्ती सापडल्याची कथा ही घटनेची नोंद म्हणून तपासण्याऐवजी तिच्या कार्याच्या दृष्टीने पाहिली, तर तिचा अर्थ उलगडतो : मूळपीठाचे दैवत गादीच्या गावी आले, तरी त्याचा उगम मोरगावचाच राहिला, हे ती कथा प्रस्थापित करते.

देवांचा वंश

मोरया गोसावींनंतर त्यांचे पुत्र चिंतामणी गादीवर आले. तुकारामांनी त्यांना 'देव' म्हणून संबोधिले आणि तेव्हापासून घराण्यास ते उपनाम प्राप्त झाले, अशी आख्यायिका आहे. पुढील पिढ्यांत चिंतामणी, नारायण, धरणीधर ही नावे फिरून फिरून येतात. गणेशाचा अंश मोरयापासून सात पिढ्या या वंशात नांदेल अशी श्रद्धा होती. पूज्य व्यक्तीच ही दैवताचे अधिष्ठान मानली गेल्यामुळे गादीला असाधारण महत्त्व आले. बिशपची गादी नियुक्तीने किंवा निवडीने भरली जाते. येथे ती रक्ताच्या नात्याने चालली. परिणामी देवघराण्यातील वारसा हा केवळ कौटुंबिक प्रश्न न राहता अनेक गावांच्या उत्पन्नाशी आणि सहस्रावधी भक्तांच्या श्रद्धेशी निगडित झाला.

या 'जिवंत देवा'चे कुतूहल परकी प्रवाशांसही वाटले. एडवर्ड मूर याने १८००च्या सुमारास चिंचवडास भेट देऊन लिहिलेला वृत्तांत १८०१ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात प्रसिद्ध झाला, आणि १८०९ मध्ये मरिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिकाही तेथे येऊन गेली. या वर्णनांत कुतूहलाबरोबर उपहासही आहे, हे विसरता कामा नये. तथापि गादीच्या अखेरच्या पर्वाचे समकालीन साधन म्हणून त्यांचे मोल आहे.

वंशाच्या अंताची कथाही परंपरेने जपली आहे. दुसऱ्या नारायण देवांनी निषेध असूनही मूळपुरुषाची समाधी उघडली, ध्यानभंग झालेल्या मोरयांनी शाप दिला, आणि त्यांच्या पुत्राबरोबर दैवी अंश संपला, असे ती सांगते. प्रत्यक्षात सातवे देव धरणीधर हे १८१० मध्ये निपुत्रिक निवर्तले. त्यानंतर नात्यातील एका व्यक्तीस गादीवर बसविण्यात आले, जेणेकरून देवस्थानास चालत आलेली उत्पन्ने खंडित होऊ नयेत. शापाची कथा आणि ही व्यवस्था एकत्र वाचली पाहिजेत. दैवी वंश संपला हे भक्तांनी मान्य केले. संस्था संपली हे मात्र कोणीच मान्य केले नाही. व्यक्तीच्या ठिकाणी असलेले अधिष्ठान येथून पुढे संस्थेकडे सरकू लागले.

राजसत्ता आणि सनदा

सतराव्या-अठराव्या शतकांत या देवस्थानास एकामागून एक आलेल्या सत्तांनी आश्रय दिला. औरंगजेबाने नारायण देवांची परीक्षा पाहिली, पाठविलेल्या मांसाची फुले झाली आणि बादशहाने आठ गावे इनाम दिली, ही कथा प्रसिद्ध आहे. चमत्काराचा भाग सोडून दिला तरी एक ऐतिहासिक सत्य उरते : सुलतानी, मोगल आणि मराठी या सर्व सत्तांना स्थानिक प्रतिष्ठा असलेल्या धर्मपीठाशी संबंध राखणे उपयुक्त वाटत होते. सनद देणारास पुण्याबरोबर मुलखात मान्यता मिळे. घेणारास उत्पन्नाबरोबर संरक्षण मिळे. राज्य बदलले की जुनी सनद नव्या धन्याकडून मान्य करून घ्यावी लागे, आणि प्रत्येक मान्यतेबरोबर जुन्या दाव्याचे वजन वाढत जाई. लॉरेन्स प्रेस्टन यांनी देवघराण्यावरील आपल्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या घराण्याचा इतिहास राज्यसंस्थेशी असलेल्या संबंधाच्या अंगाने मांडला, तो याच कारणास्तव.

तथापि हा संबंध नेहमी सौहार्दाचाच होता असे नाही. जेजुरी येथील गुरव आणि घडशी यांच्या तंट्यात चिंचवडच्या देवांनी हात घातला, आणि न्यायनिवाडा हे राज्याचे काम असल्याची समज शिवाजीमहाराजांनी त्यांना दिली, असे सांगितले जाते. या प्रसंगाचे तात्पर्य लक्षणीय आहे. इनामाचा उपभोग, पूजेचा मान आणि लोकांची श्रद्धा ही देवांकडे. दंड आणि न्याय हे छत्रपतींकडे, अशी रेषा तेथे आखली गेली. मध्ययुगीन युरोपात बिशप हे स्वतःच जमीनदार, न्यायाधीश आणि प्रसंगी सेनानीही होते. महाराष्ट्रात धर्मपीठाला जमीन मिळाली, पण त्याचे स्वतंत्र राज्य झाले नाही.

पेशवाईत गणेशोपासना हा राज्यकर्त्या घराण्याचा कुलधर्मच असल्यामुळे मंडलास मोठी भरभराट आली. थेऊरच्या देवळाची उभारणी चिंचवडच्या देवघराण्याने केली, असे मानले जाते. थोरले माधवराव पेशवे यांची तेथे विशेष निष्ठा होती. त्यांनी तेथे सभामंडप बांधविला आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तेथेच देह ठेवला. सिद्धटेकचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधविले आणि नगारखान्यासाठी हरिपंत फडके यांचे साहाय्य झाले, अशी तेथील परंपरा आहे. राजघराण्यातील स्त्री, राज्यकर्ता आणि सरदार असे तीन प्रकारचे दाते या एका मंडलात दिसतात. मूळपीठ मोरगाव असले तरी दानाचा ओघ पुण्याच्या राजधानीजवळच्या आणि सरदारांच्या व्यक्तिगत निष्ठेच्या स्थानांकडेही वाहिला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

कागदाचे शतक

१८१८ मध्ये पेशवाई संपली. त्या वर्षी ११ फेब्रुवारीस साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात एल्फिन्स्टनने वतने, इनामे आणि देवस्थानांच्या नेमणुका चालू ठेवण्याचे आश्वासन दिले. परंतु आश्वासन पाळण्याची रीत बदलली. पूर्वी इनाम चालविणे हे धन्याच्या कृपेवर आणि स्थानिक मान्यतेवर अवलंबून होते. आता ते पुराव्यावर अवलंबून राहिले. १८५२च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनला चौकशीचे व्यापक अधिकार मिळाले, आणि मुंबई इलाख्यातील इनामदारांना आपल्या दाव्यांसाठी कागदपत्रे दाखवावी लागली. सात पिढ्यांच्या दैवी अंशास या चौकशीत स्थान नव्हते. सनद, शिक्का आणि वहिवाट यांनाच होते. ज्या संस्थेने आपली प्रतिष्ठा कथांच्या आधारे उभारली होती, तिला आता तीच प्रतिष्ठा दप्तराच्या भाषेत मांडावी लागली.

१८६३च्या विसाव्या कायद्याने सरकारने देवस्थानांच्या प्रत्यक्ष व्यवस्थेतून अंग काढून घेतले. त्यामुळे व्यवस्थेविषयीचे वाद दिवाणी न्यायालयांत जाऊ लागले. चिंचवड संस्थानाचाही वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. देवस्थानाचे उत्पन्न घराण्याचे की देवाचे, हा अशा वादांतील मूळ प्रश्न होता. तो केवळ चिंचवडापुरता नव्हता. ज्या ज्या ठिकाणी वंशपरंपरागत गादी आणि सार्वजनिक श्रद्धा यांचा संगम झाला होता, तेथे तेथे न्यायालयांना घराण्याची मिळकत आणि विश्वस्त मालमत्ता यांत भेद करावा लागला. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, १९५० याने या भेदास पक्के रूप दिले. १९५२च्या कायद्याने खाजगी इनामे नष्ट झाली. देवस्थान इनामे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. आज चिंचवड, मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक येथील व्यवस्था चिंचवड देवस्थान विश्वस्तमंडळाकडे आहे. गादीचे मंडल विश्वस्तव्यवस्थेच्या रूपाने कायम राहिले.

याच कागदाच्या शतकात सुप्याचा १८७५चा उठाव झाला, याचा येथे निर्देश करणे अप्रस्तुत ठरणार नाही. त्या उठावात रयतेचा मुख्य रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या रोख्यांवर होता, असे चौकशीअंती दिसून आले. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. एकाच परगण्यात, एकाच पिढीच्या काळात, देवस्थानास आपले अस्तित्व राखण्यासाठी कागद जपावा लागला आणि कुणब्यास आपली जमीन राखण्यासाठी कागद जाळावा लागला. इंग्रजी न्यायपद्धतीने लेखी पुराव्याला जे सर्वश्रेष्ठ स्थान दिले, त्याचे हे दोन परिणाम होत. कागद ज्याच्या पेटीत, त्याचा हक्क बळकट. आणि कोरडवाहू मुलखातील बहुसंख्य रयतेच्या पेटीत कागद नव्हताच. मोरगावच्या यात्रेतही याच रयतेचा भरणा होता. देवस्थानाच्या इतिहासात तिचे नाव सनदेवर येत नाही; परंतु तिच्या पायांनीच हे मंडल चालते राहिले होते.

काय उरले

वेल्समध्ये १९१४ साली झालेला कायदा ३१ मार्च १९२० रोजी अमलात आला आणि तेथील अँग्लिकन धर्मसंस्थेचे राज्यमान्य स्थान संपुष्टात आले. तिच्या जुन्या उत्पन्नांचा मोठा भाग स्थानिक शासनसंस्था आणि वेल्स विद्यापीठ यांच्याकडे वळविण्यात आला. आठशे वर्षांपूर्वी ज्या दानपत्रांसाठी लँडाफने एवढा खटाटोप केला, त्यांचे ऐहिक फळ अशा प्रकारे हातचे गेले. २ जानेवारी १९४१ रोजी बाँबहल्ल्यात लँडाफचे देऊळही मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाले. तरी धर्मप्रांत संपला नाही. युद्धानंतर देऊळ पुन्हा उभारले गेले आणि १९५७ मध्ये शिल्पकार एप्स्टाइन याने घडविलेली ख्रिस्ताची भव्य मूर्ती त्यात स्थापन झाली. मिळकत गेली, वास्तू भंगली. उपासकसमूह मात्र राहिला.

मोरगावचा इतिहास घटनांच्या दृष्टीने भिन्न असला, तरी त्याचे पर्यवसान असेच आहे. येथे देऊळ शाबूत राहिले, पण देवांचा वंश १८१० मध्ये खंडित झाला, राजाश्रय १८१८ मध्ये संपला, आणि घराण्याच्या अधिकाराचे विश्वस्तव्यवस्थेत रूपांतर झाले. गादीच्या गावाचे स्वरूपही पार पालटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिंचवड औद्योगिक नगर झाले, आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. मंगलमूर्तीचा वाडा आणि पवनाकाठचे समाधिमंदिर आता महानगराने वेढले आहे. मूळपीठ मात्र जिरायत मुलखातील खेडेच राहिले आहे. इतके अंतर पडूनही माघ आणि भाद्रपद या दोन महिन्यांत चिंचवडाहून मंगलमूर्तीची पालखी मोरगावास जाते. ज्या वारीसाठी मोरया गोसावींचे पाय थकले आणि ज्या वारीऐवजी देव चिंचवडास आला असे कथा सांगते, तीच वारी देवाला बरोबर घेऊन पुन्हा मूळपीठाकडे निघते.

या एका आचारात संस्थेच्या इतिहासाचा सारांश आहे. देव चिंचवडास आला या कथेने गादीचा अधिकार सिद्ध केला. पण गादीनेच दरवर्षी मोरगावास जाऊन आपला अधिकार उसना आहे हे मान्य केले. मूळपीठ आणि गादी एकत्र असती तर कदाचित राजधानीच्या वैभवात मूळ स्थानाची स्मृती पुसट झाली असती, किंवा कोरडवाहू खेड्यात राहून गादीस राजाश्रय मिळाला नसता. दोहोंच्या विभक्ततेमुळे एक अंतर निर्माण झाले, आणि ते ओलांडण्याच्या गरजेतून यात्रा नित्य झाली. अष्टविनायकांची यात्रा मोरगावापासून आरंभून मोरगावीच पूर्ण करण्याचा प्रघातही हेच तत्त्व मोठ्या वर्तुळात राबवितो.

सनदांच्या अभ्यासावरून राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्या संबंधाचा इतिहास लिहिता येतो, आणि तो लिहिला गेलाही आहे. परंतु सनदा हे या मंडलाचे एक अंग होय. वाटेवरच्या गावांतील पालखीचे मुक्काम, मुक्कामी शिधा पुरविणाऱ्या घराण्यांचे मान, गुरव, वाजंत्री व क्षेत्रोपाध्याय यांच्या सेवेच्या पाळ्या, द्वारयात्रेतील क्रम, यांचा गाववार अभ्यास झाल्यास सुपे परगण्याचा एक निराळा नकाशा हाती येईल. जहागिरीचा परगणा, भीमथडी तालुका आणि आजचा बारामती तालुका यांच्या सीमा राज्यकर्त्यांनी आखल्या व राज्यकर्त्यांनीच पुसल्या. कऱ्हेकाठच्या देवळाभोवतीची सीमा भक्तांनी चालत आखली, आणि ती दरवर्षी भाद्रपदात पुन्हा चालली जाते.